ब्राझीलचा निसर्ग पाहायचाय? आधी पाण्याचं पंचांग उघडा

ब्राझील म्हटलं की टूर कंपन्यांचा साचा ठरलेला असतो. रिओचा ख्रिस्ताचा पुतळा, इग्वासूचा धबधबा आणि मधे कुठेतरी कोंबलेलं 'दोन रात्री अ‍ॅमेझॉन'. त्या दोन रात्रींतली एक प्रवासाच्या शिणवट्यातच जाते. एवढे पैसे खर्चून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि जंगलाच्या वाट्याला एक दिवस, हा सौदा मला कधीच पटलेला नाही. स्वतः आखणी करून जंगलासाठी, पाणथळीसाठी, वाळूसाठी जाऊ पाहणाऱ्यांकरता हा लेख आहे.

ब्राझीलचं क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीचपटीहून जास्त. तिथले अभ्यासक देशाचे सहा नैसर्गिक पट्टे मानतात: अ‍ॅमेझॉनचं वर्षावन, मध्य पठारावरचा सेराडो हा गवताळ-झुडपी प्रदेश, पांतानालची पाणथळ, ईशान्येतला कोरडा काटेरी कातिंगा, किनाऱ्यालगतचं अटलांटिक जंगल आणि दक्षिणेचा पांपा. एका सहलीत हे सगळं होत नाही. काय निवडायचं हे नकाशावरून ठरवायला गेलात तर फसाल, कारण तिथे कुठे काय दिसेल हे अंतरापेक्षा पाण्याच्या पातळीवर ठरतं.

१. महिना ठरवा, मगच ठिकाण

अ‍ॅमेझॉनमध्ये उन्हाळा-हिवाळा हा हिशोब चालत नाही. तिथे दोनच ऋतू, भरलेली नदी आणि ओसरलेली नदी. मनाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदी साधारण जूनमध्ये सर्वांत वर असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत खाली. दोन्ही पातळ्यांत एरवीही दहा मीटर किंवा त्याहून जास्त फरक पडतो. मे ते जुलैमध्ये गेलात तर जंगल पाण्यात उभं असतं आणि तुम्ही होडीने झाडांच्या शेंड्यांमधून फिरता. ऑक्टोबरमध्ये त्याच जागी पायवाट असते आणि पाण्याची रेघ तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर खोडांवर उमटलेली दिसते. दोन्ही पाहण्यासारखं आहे, पण सहली वेगळ्या आहेत. कुठली हवी ते आधी ठरवा. एक सावधगिरी मात्र घ्या. २०२३ आणि लगेच २०२४ च्या दुष्काळात मनाउसला नदीने शंभरहून अधिक वर्षांच्या नोंदींतली नीचांकी पातळी गाठली. अशा वर्षी ऑक्टोबरात आतल्या लॉजपर्यंत बोट पोचणंही कठीण होतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या वर्षीच्या नदीची चौकशी करा.

पांतानालचं गणित उलटं आहे. पाऊस नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो, पण जमीन इतकी सपाट की पाणी ओसरायला महिने लागतात. जुलै ते ऑक्टोबरमध्ये पाणी आटून नद्या आणि मोजकी तळी उरतात, आणि सगळे प्राणी त्यांच्याभोवती जमतात. मरान्याव राज्यातल्या लेन्सोइस मरानेन्सेसच्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांमध्ये पावसाच्या पाण्याची तळी साचतात. ती जून ते ऑगस्टमध्ये भरलेली असतात आणि ऑक्टोबरपासून बरीचशी कोरडी होत जातात. पठारावरच्या शापादा, म्हणजे कडे-धबधब्यांच्या प्रदेशात, कोरडा काळ साधारण मे ते सप्टेंबर. इग्वासूला मात्र केव्हाही जा.

हे कागदावर एकाखाली एक मांडलंत तर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य या पट्ट्यात सगळं जुळतं. अ‍ॅमेझॉन अजून भरलेलं, पांतानालमध्ये जग्वार दिसायला लागलेले, लेन्सोइसची तळी निळी. अडचण अशी की जुलैत ब्राझीलमधल्या शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे दर चढलेले आणि खोल्या भरलेल्या. ऑगस्टचा पहिला पंधरवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो.

मुलांच्या सुट्टीवर अवलंबून असाल तर हिशोब बदलतो. मे महिन्यात अ‍ॅमेझॉन उत्तम, लेन्सोइसमध्ये तळी असतील पण पाऊसही असेल, पांतानाल ओला. दिवाळीत लेन्सोइस सोडाच. त्याऐवजी तापाजोस नदीवरचं आल्तेर दो शांव हे गाव घ्या. पाणी उतरलं की तिथे नदीकाठी पांढऱ्या वाळूचे किनारे उघडे पडतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर पांतानालच्या जग्वार-हंगामाचं शेपूटही हाती लागतं, फक्त ऊन मरणाचं असतं.

२. प्राणी की जंगल, हे स्वतःला विचारा

सर्वांत मोठा अपेक्षाभंग इथे होतो. अ‍ॅमेझॉनला जाऊन जग्वार पाहू, असं मनात धरून लोक येतात. अ‍ॅमेझॉनमध्ये जग्वार आहेत, पण झाडी इतकी दाट की पाच हातांवरचं काही दिसत नाही. तिथे प्राणी दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतात. पहाटे हाउलर माकडांचा घुमणारा आवाज येतो, माकडं मात्र दिसत नाहीत. पांतानाल उघडं आहे, म्हणून तिथे जग्वार, केमन मगरी, कॅपिबारा, महाकाय पाणमांजरं, निळे मकाव हे सगळं डोळ्यांसमोर येतं. प्राणी पाहायचे तर पांतानाल, जंगल अनुभवायचं तर अ‍ॅमेझॉन. दोन्हींना प्रत्येकी किमान चार रात्री देता येत नसतील तर एकच करा.

३. कागदपत्रं आणि सुई

भारतीय पासपोर्टला ब्राझीलचा व्हिसा आधी काढावा लागतो. मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आहे. जाताना युरोपातून विमान बदलणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधीच पाहा. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे साओ पाउलोला जाणं त्या दृष्टीने कमी कटकटीचं.

पिवळ्या तापाची लस मात्र टाळता येत नाही. ब्राझील या तापाच्या देशांत मोडतो, आणि खरी कडक तपासणी होते ती परत येताना आपल्याच विमानतळावर. वैध प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेकडेही. टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं आणि २०१६ पासूनच्या नियमानुसार ते आयुष्यभर चालतं. पासपोर्ट क्रमांक त्यावर बरोबर लिहिला आहे ना, हे तिथेच उभं राहून तपासा. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा वय साठच्या वर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ती पिवळी पुस्तिका हातातल्या पिशवीत ठेवा, कारण सामान मिळायच्या आधीच ती विचारतात.

अ‍ॅमेझॉनच्या आतल्या भागात मलेरिया आहे. गोळ्या घ्यायच्या की नाही, हे नेमकं कुठे राहणार ते सांगून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डेंग्यू शहरांतही आहे, म्हणजे डासांपासूनचा बचाव सगळीकडेच.

४. देशातल्या देशात विमानं

साओ पाउलो ते मनाउस हे विमानानेच सुमारे चार तासांचं अंतर. मनाउस रस्त्याने उरलेल्या देशाशी धड जोडलेलंच नाही. दक्षिणेकडे जाणारा बीआर-३१९ महामार्ग मधल्या मोठ्या टप्प्यात कच्चा आहे आणि पावसात चिखल होतो. म्हणून लाताम, गोल आणि आझूल या तीन कंपन्यांची तिकिटं आधी काढा, आणि प्रत्येक बदलाला अर्धा दिवस गेला असं धरून चाला. शक्य असेल तर भारतातून एका शहरात उतरा आणि दुसऱ्या शहरातून परता. परतीसाठी साओ पाउलोला उगाच वळसा पडत नाही.

५. अ‍ॅमेझॉन: तळ कुठे ठोकायचा

मनाउस हा सोपा पर्याय. रबराच्या पैशांवर १८९६ मध्ये उघडलेलं ऑपेरागृह आणि मासळीबाजार एका दिवसात पाहून होतात. त्याच दिवशी शहराच्या कडेला मुझा या संग्रहालयाच्या राखीव जंगलात ४२ मीटर उंचीचा मनोरा चढा. वर्षावनाची निम्मी वस्ती शेंड्यांवर असते आणि खालून तिचा पत्ता लागत नाही. टुकान, पोपट, फुलं, सगळं त्या पातळीवर. सकाळी लवकर जा, दहानंतर वर नुसतं ऊन असतं.

बहुतेक सहलींत 'दोन नद्यांचा संगम' असतो. रिओ नेग्रोचं कोऱ्या चहासारखं पाणी आणि सोलिमोंइसचं गढूळ पिवळट पाणी सुमारे सहा किलोमीटर शेजारीशेजारी वाहतं, मिसळत नाही, कारण दोन्हींचा वेग, तापमान आणि गाळ वेगळा. होडीतून हात पाण्यात धरलात तर रेषा ओलांडताना पाणी गार झालेलं कळतं. त्यासाठी अख्खा दिवस मात्र देऊ नका, लॉजला जातायेता उरकतं.

लॉज निवडताना संकेतस्थळावरचे फोटो बाजूला ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हे विचारा (ब्राझीलमधले सगळे व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतात). लॉज कोणत्या नदीवर आहे? नेग्रोचं पाणी आम्लधर्मी, म्हणून डास कमी, पण मासे आणि प्राणीही तुलनेने कमी. गढूळ पाण्याच्या नद्यांवर दोन्ही भरपूर. मनाउसपासून किती लांब? तासाभरात पोचणाऱ्या ठिकाणी सस्तन प्राण्यांची आशा धरू नका. एका गाइडमागे किती माणसं, आणि तो तिथलाच आहे का? पर्यटन मंत्रालयाच्या कादास्तुर नोंदणीचा क्रमांक काय? शेवटी, कार्यक्रमात स्लॉथला हातात घेऊन फोटो, डॉल्फिनला मासे भरवणं किंवा 'आदिवासी नृत्य' आहे का? असेल तर दुसरं लॉज शोधा. स्लॉथ त्या हाताळणीने हैराण होतो, हसतोय असं फक्त आपल्याला वाटतं. आदिवासींच्या राखीव भूमीत तर फुनाई या सरकारी संस्थेच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. विमानतळावर "उद्याच नेतो" म्हणून हात धरणाऱ्यांना सरळ नाही म्हणा.

थोडा जास्त वेळ आणि पैसा असेल तर माझं मत मामिराउआला. तेफे गावाजवळचा सुमारे ११ हजार चौरस किलोमीटरचा हा पूरजंगलाचा राखीव प्रदेश. लाल चेहऱ्याच्या, पांढऱ्या केसांच्या उआकारी माकडावर संशोधन करणारे जुझे मार्सिओ आयरेस यांच्या प्रयत्नांतून तो उभा राहिला. तिथलं तरंगतं लॉज गावकऱ्यांच्या सहभागाने चालतं. गाइडला पिरारुकूबद्दल विचाराच. माणसापेक्षा लांब होणारा हा मासा श्वास घ्यायला दर थोड्या वेळाने पृष्ठभागावर येतो. कोळी होडीत बसून नुसत्या त्या उसळीवरून तळ्यातले मासे मोजतात, आणि मोजलेल्या मोठ्या माशांपैकी फार तर ३० टक्के पकडायची परवानगी मिळते.

लॉजमधला दिवस पहाटे सुरू होतो. सूर्य वर यायच्या आत वल्ह्याच्या होडीत बसा, इंजिनाच्या नको. भरलेल्या जंगलात शिरलं की आवाज बदलतो. फांद्या डोक्याला लागतात, म्हणून वाकून बसावं लागतं. फांद्यांना हात लावू नका, पुरापासून जीव वाचवायला मुंग्या आणि कोळी तिथेच चढून बसलेले असतात. मधूनच एखादं फळ टपकन पाण्यात पडतं आणि तिथे लगेच खळबळ होते. हे मासे फळं खातात. तांबाकी माशाचे दात माणसाच्या दाढांसारखे सपाट असतात, रबराचं कडक बी तो फोडून खातो. न फुटलेल्या बिया पोटात घेऊन मासे दूरवर जातात आणि जंगल पुढे सरकतं. दुपारी झोपा. संध्याकाळी पुन्हा पाण्यावर, रात्री बॅटरीच्या झोतात केमनचे लाल डोळे शोधायला. केमन पकडून दाखवतो म्हणाले तर नको म्हणा.

६. नदीची बोट आणि झुला

मनाउसहून सांतारेंपर्यंत प्रवासी बोटीने प्रवाहाबरोबर साधारण दीड दिवस लागतो, बेलेंपर्यंत चार-पाच दिवस. प्रवासी डेकवर आपापला झुला टांगून झोपतात. झुला बाजारातून आधी विकत घ्यायचा, टांगायला दोन दोऱ्याही घ्यायच्या. सुटायच्या कितीतरी तास आधी जाऊन इंजिन आणि संडासापासून लांबची जागा धरा. झुल्यात तिरकं झोपायचं, सरळ झोपलात तर सकाळी पाठ तुमची राहणार नाही. सामानाला साखळी-कुलूप. ही बोट माणसं पाहण्यासाठी आहे, प्राण्यांसाठी नव्हे. खाली जाणारी बोट नदीच्या मध्यातून धावते आणि काठ लांब हिरव्या रेघेसारखा राहतो. प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट काठालगत चालते, म्हणून वेळ जास्त लागला तरी पाहायला तीच बरी.

७. पांतानाल: मातीचा रस्ता आणि जग्वार

उत्तर पांतानालचं दार कुयाबा शहर. तिथून पोकोने, आणि पोकोनेपासून ट्रान्सपांतानेइरा हा सुमारे १४५ किलोमीटरचा मातीचा रस्ता, त्यावर शंभराहून जास्त पूल. १९७० च्या दशकात तो पार दक्षिणेकडच्या कोरुम्बा शहरापर्यंत न्यायचा बेत होता. पोर्तो जोफ्रेला नदीपाशी येऊन काम थांबलं ते कायमचं, आणि पांतानालच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. हा रस्ता म्हणजेच सफारी. प्रत्येक पुलाखाली केमन पडलेले, काठावर याबिरू करकोचे. ताशी तीसच्या वर जायचं कारणच नाही. भाड्याची गाडी स्वतः चालवता येते, पण डोळे गाइडचे हवेत. मोठा मुंगीखाऊ लांबून गवताच्या भाऱ्यासारखा दिसतो आणि आपण पुढे निघून जातो.

पहिल्या दोन रात्री वाटेतल्या एखाद्या फाझेंदावर, म्हणजे गुरांच्या मोठ्या वाडीवर राहा. तिथे चरणारी पांढरी, वशिंड असलेली गुरं पाहून चमकू नका. नेलोरे ही त्यांची जात आपल्या आंध्रातल्या ओंगोल गुरांपासून निघालेली, आणि ब्राझीलच्या गोधनात तिचा मोठा हिस्सा आहे.

मग दोन-तीन रात्री पोर्तो जोफ्रे. सहलीतला हा सर्वांत महाग भाग, तरीही इथे काटकसर करू नका. एका दिवसात जग्वार दिसेलच असं नाही, तीन दिवसांत शक्यता खूपच वाढते. होडीवाले एकमेकांशी रेडिओवर बोलत असतात. दिसल्याची खबर आली की सगळ्या होड्या तिकडे धावतात आणि वीस होड्यांचा घोळका होतो, हे या जागेचं उणं. आपल्या होडीवाल्याला सकाळीच सांगून ठेवा: गर्दी झाली तर आपण मागे थांबू. बऱ्याचदा जग्वार काठाकाठाने चालत राहतो आणि पुढच्या वळणावर शांतपणे थांबलेल्या होडीलाच नीट दिसतो. वाळूवर ऊन खात पडलेल्या केमनकडे पाहत तो खाली उतरतो, खांदे हलतात पण डोकं हलत नाही, आणि होडीत कॅमेऱ्यांची टकटक आपोआप थांबते.

जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड वारे येतात आणि एका रात्रीत पारा चाळिशीजवळून पंधराच्याही खाली जातो. पहाटेच्या होडीत जाड जाकीट हवंच. कोरड्या गवतात गोचिडं असतात, म्हणून पायमोजे विजारीच्या वर ओढा. २०२० च्या वणव्यांत पांतानालचा सुमारे चौथा हिस्सा जळाला होता. ऑगस्टनंतर जाणार असाल तर आगीच्या बातम्यांवर लक्ष ठेवा.

८. तिसरं ठिकाण जोडायचं तर

लेन्सोइस मरानेन्सेस: साओ लुईस शहरातून बारेरिन्यास किंवा सांतो आमारो या गावी जायचं. सांतो आमारो निवडा, तळी जवळ आणि गर्दी कमी. याला वाळवंट म्हणतात, पण पाऊस इथे कोकणाच्या निम्म्याच्या आसपास पडतो. खालचा थर पाणी मुरू देत नाही म्हणून तळी साचतात. २०२४ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत आलं. वाळूवर अनवाणी चाला, बूट लगेच भरतात.

बोनितो: मातो ग्रोसो दो सुल राज्यातलं गाव. चुनखडीमुळे काचेसारख्या स्वच्छ नद्या, तोंडावर नळी लावून प्रवाहाबरोबर तरंगत जायचं. दररोजची माणसं ठरलेली असतात आणि प्रत्येक ठिकाणाचं व्हाउचर आधी घ्यावं लागतं. पाण्यात उतरताना सनस्क्रीन आणि डासांचं मलम चालत नाही.

अटलांटिक जंगल: रिओत असाल तर तिजुकाचं जंगल चुकवू नका. कॉफीच्या मळ्यांनी उघडे पडलेले डोंगर, शहराचं पाणी आटलं म्हणून १८६१ पासून पुन्हा झाडं लावून उभे केले. तिथे फणसाची झाडं दिसली की आपल्याला बरं वाटतं. वनखात्याला वाटत नाही, कारण आपल्याकडून गेलेला फणस तिथे तणासारखा पसरलाय. काजू मात्र उलट वाटेने, पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून गोव्यात आला.

इग्वासू: ब्राझीलच्या बाजूने अर्धा दिवस पुरतो. अर्जेंटिनाच्या बाजूला धबधबा जास्त जवळून दिसतो, पण त्यासाठी वेगळी परवानगी लागते. कोआती नावाचे लांब शेपटीचे प्राणी हातातला डबा पळवतात.

९. पिशवी आणि पोट

पूर्ण बाह्यांचे लवकर वाळणारे कपडे, ८×४२ ची दुर्बीण, लाल उजेड देणारी बॅटरी, कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि सिलिका जेल. रबरी बूट लॉजवर मिळतात, पण पाय मोठे असतील तर आधी विचारा. वीज कुठे १२७ तर कुठे २२० व्होल्टची आहे, म्हणून चार्जर दोन्हींवर चालणारा हवा. आतल्या गावांत कार्ड चालेलच असं नाही, रोख रियाल जवळ ठेवा. नदीच्या उथळ वाळूत चालताना पाय उचलून न टाकता घासत सरका. वाळूत दडलेला काटेरी शेपटीचा पाकट मासा त्यामुळे बाजूला होतो. पिरान्यांपेक्षा त्याचा धोका खरा आहे.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही, पण चौकशी करावी लागते. भात आणि घेवड्याची उसळ सगळीकडे मिळते, मात्र उसळीत डुकराचं मांस असू शकतं. "सेंय कार्नी, सेंय पेइशी, सेंय फ्रांगो" म्हणजे मांस, मासे, कोंबडी काही नको, हे पाठ करा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर हॅमचा तुकडा येऊ शकतो. शहरांत वजनावर जेवण देणारी हॉटेलं सर्वांत सोयीची. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच्या पिठाची तापियोका पोळी चीज घालून सकाळी खा, आणि पिशवीत थोडे दाण्याचे लाडू असू द्या. पहाटेच्या होडीआधी लॉजचं स्वयंपाकघर उघडलेलं नसतं.

१०. दिवसांची मांडणी

भारतातून निघाल्यापासून परतेपर्यंत वीस दिवस हाताशी असतील तर असं करा. जायचे-यायचे चार दिवस, मनाउसचा एक, जंगलातल्या लॉजचे पाच, मधल्या विमानांचे दोन, पांतानालचे पाच, उरलेले तीन रिओ आणि तिजुकाला. लेन्सोइस हवं असेल तर रिओ कापा. चौदाच दिवस असतील तर रिओ आणि मनाउसचा दिवसही सोडा, लॉज आणि पांतानाल चार-चारवर आणा, पण जंगलाच्या रात्री चारच्या खाली नेऊ नका. पहिले दोन दिवस कान आणि डोळे तिथल्या अंधाराला सरावण्यातच जातात. बारापेक्षा कमी दिवस असतील तर अ‍ॅमेझॉन किंवा पांतानाल यांतलं एकच घ्या आणि दुसऱ्याचे पैसे पुढच्या तिकिटासाठी बाजूला टाका.